‘मायना’ : एका शब्दाचा अर्थ आणि इतिहास

चांगदेवाने ज्ञानदेवांस कोरा कागद पाठविला, ही कथा मराठी वाचणाऱ्या घरांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. चौदाशे वर्षे तप केलेल्या या योग्याने आळंदीच्या बालयोग्याची कीर्ती ऐकली आणि त्यास पत्र लिहावयाचे मनात आणले. परंतु लेखणी हाती घेताच तो अडला. वयाने आपण वडील, म्हणून ‘चिरंजीव’ लिहून आशीर्वाद द्यावा, तर समोरची व्यक्ती ज्ञानाने श्रेष्ठ. ‘तीर्थरूप’ लिहून नमस्कार करावा, तर ती वयाने केवळ बालक. पहिल्याच ओळीचा निर्णय होईना, म्हणून पुढची एकही ओळ लिहिली गेली नाही. अखेर कागद कोराच रवाना झाला, आणि त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ अवतरली.

कथेकरी बुवांनी या प्रसंगातून योग्याच्या अहंकाराचा बोध सांगितला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु पत्रलेखनाच्या दृष्टीने पाहता कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चांगदेवास विषय सुचत नव्हता असे नाही. भाषा येत नव्हती असेही नाही. तो अडला तो मायन्यापाशी. ज्यास लिहावयाचे त्याचे व आपले नाते काय, हे ठरल्यावाचून पत्र लिहिता येत नाही, ही मराठी मनाची जुनी धारणा या कथेत उमटलेली आहे.

‘मायना’ हा शब्द आज पत्राच्या आरंभी लिहावयाच्या संबोधनासाठी व आदरदर्शक शब्दांसाठी रूढ आहे. कानाला तो अस्सल मराठी वाटतो. त्यात ‘मान’ हा शब्द डोकावत असल्यामुळे, मान देण्याची रीत ती मायना, अशी व्युत्पत्तीही सहज सुचते. परंतु ती खरी नव्हे. हा शब्द मुळात अरबी असून तेथे त्याचा अर्थच ‘अर्थ’ असा आहे : अर्थ, आशय, अभिप्राय. अरबीतून तो फारसीत आला आणि फारसीतून दख्खनच्या सुलतानी दफ्तरांच्या द्वारे मराठीत स्थिरावला. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांस हिंदी-उर्दूतील ‘मायने’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. ‘याचा अर्थ काय’ असे विचारताना तेथे जो शब्द योजतात, तोच हा. मराठीत आलेल्या अशा शब्दांचा मागोवा घेऊन माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. कवी माधव जूलियन म्हणून जे ओळखले जातात, तेच हे.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पत्रारंभीच्या या भागास उर्दूत ‘अल्काब व आदाब’ असे म्हणतात, म्हणजे पदव्या आणि शिष्टाचार. ते नाव वस्तूस शोभणारेच आहे. मराठीने मात्र त्याच भागास ‘अर्थ’ या अर्थाचा शब्द लावला. वरवर पाहता हे विपरीत वाटते. पत्राचा अर्थ मजकुरात असतो; मायन्यात ठराविक शब्दांवाचून काय असते ? मायना पुन्हापुन्हा तोच असतो, म्हणून तो वाचलाही जात नाही. तरीही जुन्या कारकुनांनी जो शब्द रूढ केला, तो किती यथार्थ होता हे जुनी पत्रे पाहिली म्हणजे कळून येते.

शब्द जरी परका असला, तरी ती रीत परकी नव्हे. फारसी दफ्तरे येण्यापूर्वीही पत्रारंभाचे नियम या देशात बांधलेले होते. वररुचीच्या नावावर असलेल्या ‘पत्रकौमुदी’ या संस्कृत ग्रंथात कोणास किती वेळा ‘श्री’ लिहावा याचे गणित दिलेले आहे. गुरूस सहा, धन्यास पाच, शत्रूस चार, मित्रास तीन, सेवकास दोन आणि पुत्र व पत्नी यांस एकेक. मित्रापेक्षा शत्रूस एक ‘श्री’ अधिक, हे वाचून हसू येईल. परंतु त्यात व्यवहाराचे मर्म आहे. मित्राशी एखादा शब्द कमी पडला तर तो क्षमा करतो, शत्रूशी मात्र शब्द जपून वापरावा लागतो. गुजरातेतील मध्ययुगीन पत्रांचे व दस्तऐवजांचे नमुने असलेला ‘लेखपद्धति’ हा ग्रंथ वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही वडिलांनी पुत्रास, पुत्राने वडिलांस, राजाने अधिकाऱ्यास कसे लिहावे याचे नमुने आहेत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावाने ओळखली जाणारी ‘मेस्तके’ हीदेखील कारकुनास लेखनाची व वागणुकीची शिस्त सांगणारी आहेत.

बहामनी व त्यानंतरच्या आदिलशाही, निजामशाही अमलात दफ्तराची भाषा फारसीने व्यापली. मराठी पत्र देवनागरी वा मोडी अक्षरांत असले, तरी त्याचा आरंभ ‘अज रख्तखाने’ अशा फारसी शब्दांनी होई आणि ज्यास लिहावयाचे त्यास ‘मशहुरल अनाम’, म्हणजे लोकांत प्रसिद्ध, असे विशेषण लागे. शेवटी ‘मोर्तब सुद’ येई. मोर्तब म्हणजे रीतसर पुरे केलेले आणि सुद म्हणजे झाले. आज ‘शिक्कामोर्तब’ म्हणताना याची आठवण कोणास होत नाही. चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस, पारसनीस ही आडनावेही त्याच दफ्तरांतली. त्यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांत हा पालट डोळ्यांनी दिसतो. आरंभीच्या कित्येक पत्रांचा मायना फारसी वळणाचा आहे. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर ‘स्वस्ति श्री’ असा आरंभ, राज्याभिषेक शकाचा उल्लेख आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ हे बिरुद पत्राच्या मस्तकी आले. अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा, म्हणजे पत्राची सीमा येथे संपली, पुढे कोणी शब्द घालू नये. राजा स्वतंत्र झाल्याची द्वाही मैदानात फिरली तशीच ती मायन्यातूनही फिरली. याच सुमारास महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशात ‘लेखनवर्ग’ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. इतके होऊनही ‘मायना’ हा शब्द मात्र टिकून राहिला. शब्द हुकमाने येत नाहीत आणि हुकमाने जातही नाहीत.

पेशवाईतील पत्राचा घाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांस त्याची बांधणी किती नेटकी होती हे ठाऊक असेल. माथ्यावर ‘श्री’ किंवा इष्टदैवताचे नाव. त्याखाली ज्यास लिहावयाचे त्याचे गौरवपर विशेषण. विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, सरदारास ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य’, सामान्य प्रतिष्ठितास ‘राजमान्य राजश्री’. मग ‘स्वामींचे सेवेसी’ किंवा ‘गोसावी यांसी’. मग लिहिणाऱ्याचे नाव व त्याचा नमस्कार, दंडवत, रामराम अथवा आशीर्वाद. मग येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे ही विनंती. आणि यानंतर एकच शब्द : ‘विशेष’.

हा ‘विशेष’ म्हणजे मायना व मजकूर यांमधील उंबरठा. येथवर जे लिहिले ते सर्वांस सारखे, यापुढे जे लिहावयाचे ते खास तुम्हांस, असा त्याचा अर्थ. शाळेत पत्रलेखन शिकताना ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे सर्वांनी घोकली. त्यांतील ‘सा. न.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, आणि ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. मजकुराची सुरुवात करणारा तो जुना ‘विशेष’ दोन अक्षरांत आक्रसून मायन्याच्या शेपटीस चिकटून राहिला आणि पुढे त्याचा अर्थ कोणी विचारीनासे झाले. पत्राच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘लोभ असावा’, आणि ‘लेखनसीमा’.

गोमंतकातील हिंदू घराण्यांत या मायन्यास आणखी एक महत्त्व प्राप्त झाले. घरात बोलणे कोंकणीत, परंतु पत्र मराठीत, अशी रीत अनेक पिढ्या चालली. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश व साष्टीतील देवालये पाडली गेली. मूर्ती खाडीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. भक्तांतील कित्येक कुटुंबे कारवार, मंगळूर, कोची या बाजूस, काही सावंतवाडी, बेळगाव येथे, तर काही पुढे मराठी राजवटीबरोबर इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्यापर्यंत पांगली. ज्यांचे गाव सुटले, शेत सुटले, त्यांच्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री मंगेश प्रसन्न’, ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ ही अक्षरे राहिली. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतील मुलास गोव्यातील आपल्या गावाचे नाव सांगता आले नाही, तरी पत्राच्या माथ्यावर कोणाचे नाव लिहावयाचे हे त्यास ठाऊक असे. देवस्थानाशी असलेला संबंध कित्येक घरांत एवढ्या एका ओळीने जिवंत ठेवला. सातारा दरबारातील नारो राम मंत्री यांच्या खटपटीने १७३९ साली कवळे गाव शाहू छत्रपतींकडून देवीस मिळाला. दूर गेलेल्या माणसाचे चित्त कोठे होते, याची साक्ष त्यात आहे.

घरच्या पत्रांत मायना म्हणजे नात्यांचा नकाशाच असे. वडिलांस व मातुश्रीस ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्या इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’ व ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, सुवासिनीस ‘सौभाग्यवती’. कीर्तनकारास ‘हरिभक्तपरायण’. मुंजीचे वा लग्नाचे निमंत्रण असले म्हणजे कागदास कुंकू लागे. आणि अशुभ वार्तेचे पत्र असले म्हणजे त्यावर ‘श्री’ लिहीत नसत, कुशल विचारीत नसत, आणि ते वाचून झाल्यावर फाडून टाकीत. ज्या घरात असे पत्र आले, तेथे वाचणाऱ्यास मजकुरापर्यंत जावे लागत नसे. माथ्यावर ‘श्री’ नाही, एवढे दिसताच घरातील वडील माणूस खाली बसे. जे लिहिले नाही त्यानेच सर्व अर्थ सांगितला. मायन्यास ‘अर्थ’ का म्हणावे, याचे याहून स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

या नकाशात काळे डागही होते, हे मान्य केले पाहिजे. विधवेस ‘गंगाभागीरथी’ लिहीत. शब्द पवित्र होता, पण तो लिहिला जाताच पत्र नेणाऱ्या-आणणाऱ्या प्रत्येकास तिचे वैधव्य कळे. पतीच्या निधनानंतर पहिल्यांदा ‘गं. भा.’ असा मायना असलेले पत्र हाती पडणे, हा त्या बाईवर दुसरा आघात असे. नमस्कार कोणास, आशीर्वाद कोणास, दंडवत कोणाकडून, यांत जातींची उतरंडही बांधलेली होती, आणि एका शब्दाच्या अधिक-उण्याने मने दुखावत. विसाव्या शतकात ‘गं. भा.’ मागे पडून ‘श्रीमती’ आले, ‘रा. रा.’ जाऊन ‘श्री.’ आले. ‘राजमान्य राजश्री’ ही खरोखरीच राजाने मानिलेल्या माणसाची पदवी. ती प्रत्येक लिफाफ्यावर दोन अक्षरांत येऊ लागली, तेव्हाच ती अर्थहीन झाली होती. तिकडे उर्दूत मिर्झा गालिब यांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या पत्रांतून लांबलचक अल्काब टाकून दिले आणि एखाद्या साध्या हाकेनेच पत्र सुरू केले. त्यांची पत्रे आजही वाचली जातात. तेव्हा मायना लांब असला म्हणजेच आपुलकी खरी, असे नव्हे.

गोमंतकातील ज्या पिढीने लिसेवमध्ये शिक्षण घेऊन सरकारी कचेऱ्यांत लेखणी चालविली, तिने मायन्याचा दुसराही एक अवतार पाहिला. पोर्तुगीज पत्राच्या माथ्यावर ‘इलुस्त्रीसिमु’ व ‘एसेलेंतीसिमु’, म्हणजे अतिविख्यात व अतिश्रेष्ठ, ही विशेषणे संक्षेपाने येत. ‘राजमान्य राजश्री’चीच ही सख्खी भावंडे. अर्जाच्या शेवटी ‘कृपा होईल अशी आशा आहे’ या अर्थाची तीन आद्याक्षरे लिहावी लागत. आपल्याकडील ‘विज्ञापना’ती हीच. परंतु राजवटीचा रंग दिसे तो पत्राच्या अखेरच्या ओळीत. राजेशाहीत सरकारी पत्र ‘देव आपले रक्षण करो’ अशा शब्दांनी संपे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले, आणि देवाचे नाव जाऊन ‘आरोग्य व बंधुभाव’ असा शेवट आला. सालाझारच्या राजवटीत तेही जाऊन ‘आ बें दा नासांव’, म्हणजे ‘राष्ट्राच्या हितार्थ’, असे प्रत्येक सरकारी कागदावर लिहिणे भाग पडले. गावच्या रस्त्याचा कागद असो की देवस्थानच्या हिशेबाचा, शेवट तोच. राष्ट्र कोणाचे व हित कोणाचे, हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात येई आणि मनातच राही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती ओळ येथील कागदांवरून नाहीशी झाली. तीन राजवटी, तीन शेवट. मधला मजकूर बहुधा तोच. शिवछत्रपतींच्या पत्रांत जे दिसले, तेच येथेही दिसते : सत्ता पालटली की ती प्रथम पत्राच्या कडांवर दिसते.

आता पत्रच मागे पडले आहे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. नोंदणीकृत टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. दूरध्वनीवर निरोप क्षणात पोचतो आणि त्यास मायना लागत नाही. याचा खेद करण्याचे कारण नाही. काळ आपल्या सोयी आपणच निर्माण करतो. खेद वाटावा तो दुसऱ्या एका गोष्टीचा.

महाजन कुटुंबांच्या जुन्या घरांत माळ्यावर, देवघराच्या पेटाऱ्यात, मोडीत लिहिलेल्या पत्रांची बासने अजूनही सापडतात. मोडी वाचणारे थोडे राहिले. घर दुरुस्तीस काढले की ही बासने अडगळीत जातात. कोणी वाचक मिळाला, तरी तो मजकूर पाहतो. मजकुरात नारळाचा भाव, सुपारीचा हिशेब, पावसाची तक्रार, याहून विशेष काही नसते. मग पत्र निरुपयोगी ठरते. इतिहासाच्या छापील पत्रसंग्रहांतही जागा वाचविण्यासाठी पुष्कळदा मायना गाळलेला असतो. वस्तुतः घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या पत्रातील मोलाचा भाग तोच. ‘तीर्थस्वरूप काका’ असे कोणी कोणास लिहिले, ‘चिरंजीव’ कोणास म्हटले, माथ्यावर कोणत्या दैवताचे नाव घातले, पत्र कोणत्या गावाहून कोणत्या मितीस निघाले, एवढ्यावरून दोन तुटलेल्या शाखांचा सांधा जुळू शकतो. महाजनकी वंशपरंपरेने चालते. आणि परगावी गेलेल्या शाखेचा कोणी वंशज शंभर-दीडशे वर्षांनी देवदर्शनास येऊन आपले मूळ विचारू लागला, तर नोंदवहीत जे नाही ते एखाद्या पत्राच्या पहिल्या दोन ओळींत मिळण्याचा संभव असतो. मजकुरातील सुपारीचा भाव केव्हाच शिळा झाला, परंतु ‘तीर्थस्वरूप’ या शब्दाने जे नाते नोंदवून ठेवले, ते अद्याप वाचता येते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील जुनी पत्रे टाकून न देता कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवावीत. मोडी जाणणाऱ्याकडून निदान माथा, मायना, मिती आणि सही एवढे तरी वाचवून देवनागरीत उतरून घ्यावे. शक्य असेल त्यांनी त्या उताऱ्याची एक प्रत आपल्या देवस्थानच्या दफ्तरी द्यावी. जे पत्र ज्याच्या नावे आले, त्याचे वंशज आज कोठेही असोत, ती पहिली ओळ त्यांच्याही मालकीची आहे.

चांगदेवाचा कागद कोरा होता, तरी त्यास उत्तर मिळाले, कारण तो जपून पोचविला गेला. आपल्या पेटाऱ्यांतील कागद तर कोरे नाहीत.